काठ्या

ऑक्टोबर लागला की मी हा घाट शिवायला घेते.
दोन्ही कडांना काठ्या, माणसाहून उंच,
टोकाला चकाकती पट्टी.
एकदा बर्फ पडला की वाल्द्रेसमध्ये रस्ता असा उरत नाही.
काठ्या उरतात,
आणि त्यांच्या भरवशावर
पहाटे तीनला बर्फाचा नांगर हाकणारी मी.

या वर्षी कोर्टाने मला एक पोरगा दिलाय.
हाल्वर. वय एकोणीस.
नव्वद तास.

तो मला आधीच माहीत होता.
म्हणजे त्याचा आवाज:
जूनच्या न काळोखणाऱ्या रात्री
दरीतून वर येणारा, मांजरपाट टरकन फाडावा तसा.
चंदेरी पोर्श, तिसऱ्या हातची,
लोफोटेनला दोन हंगाम मासे साफ करून घेतलेली.
पेट्रोलपंपावर पोरं तिच्याभोवती उभी राहायची
गाभण घोडीभोवती राहावं तशी, हात न लावता.
मी खिडकी लावून घ्यायचे आणि म्हणायचे,
वळण शिकवील त्याला.
असं मी म्हटलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा.

गेल्या सप्टेंबरात वळणाने शिकवलं.
मीच पहिली पोचले.
चाकं आभाळाकडे, अजून फिरतायत.
रेडिओवर कुणी बाई उद्याचं हवामान सांगतेय.
हाल्वर गवतात बसून बूट शोधत होता,
पायात दोन्ही बूट होते.
शेजारच्या सीटवर रूना,
हॅन्डबॉलच्या संघाची गोलकीपर.
तिचा गुडघा मी पाहिला.
त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

पहिल्या दिवशी तो फार बोलला.
टायर नवे होते, दव गोठलं होतं,
कोल्हा आडवा आला.
मी त्याच्या हाती पहार दिली.
सरळ रस्त्याला पन्नास मीटरवर एक,
वळणावर दहावर.
दुपारपर्यंत तळहाताला फोड आले
आणि कोल्हा जरा लहान झाला.

तिसऱ्या शनिवारी आम्ही त्या वळणावर आलो.
बर्चच्या सालीत चंदेरी रंग अजून आहे.
तो रस्त्याच्या कडेपासून झाडापर्यंत चालत गेला,
परत आला.
त्रेचाळीस पावलं, म्हणाला.
मग काठी रोवली. मी हलवून पाहिली.
डुगडुगली.
पुन्हा.
खुंटा हलवून बळकट करतात ना, तसं
मी हलवत राहिले, तो ठोकत राहिला,
सातव्या काठीला अंधार पडला.
आणि पहार खाली न ठेवताच तो म्हणाला,
"ती हळू म्हणाली होती. दोनदा.
मी हसलो."

मी थर्मास उघडला.
दुसरं काय करायचं असतं अशा वेळी, मला ठाऊक नाही.
कोल्ह्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

दर गुरुवारी रूना बसने फिजिओथेरपीला जाते.
तो दोन सीट मागे बसतो.
ती वळून पाहत नाही.
उतरताना तिची काठी तो पुढे करतो,
ती घेते.
एवढंच. बसवाला सांगत होता.

नोव्हेंबरात नव्वद तास भरले.
मी कागदावर सही केली, तो गेला.

जानेवारीची एक रात्र. वारा असा,
की दिव्यांच्या उजेडात नुसती पांढरी भिंत पळतेय.
वळणाच्या अलीकडे फोन किणकिणला.
मी नांगर थांबवला, हातब्रेक ओढला,
मग वाचलं:
काठ्या दिसतात का?

काच खाली केली. बर्फ आत आला, मांडीवर.
एक. दोन. तीन. पुढे काही नाही,
मग वारा जरा पडला, चार, पाच, सहा.
सातवी थोडी डोंगराकडे कललेली,
पण आपल्या जागी.

दिसतात, मी लिहिलं.
बोटं गारठली होती, तरी आणखी एक ओळ:
एप्रिलमध्ये उपटाव्या लागतात.
तेव्हा ये.